पेंग्विन थंडीमुळे घडला का? देवगडच्या एका विद्यार्थिनीच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही देवगडजवळ राहता, प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि मुंबईच्या राणीच्या बागेत तुम्ही पेंग्विन पाहिले आहेत. बर्फाळ प्रदेशात उडण्याचा उपयोग नसल्यामुळे पेंग्विनने उडणे सोडले, असे तुम्हाला शिकवले गेले. पण विषुववृत्तावरच्या गालापागोस बेटांवरही पेंग्विन राहतात, हे नंतर तुमच्या वाचनात आले. मग खरे काय, मासळीने भरलेल्या आपल्या समुद्रात पेंग्विन का नाहीत, आणि कोकणात राहून या विषयात काही संशोधन करता येईल का, असे तुम्ही विचारले आहे.

यातल्या पहिल्या दोन शंकांच्या मुळाशी एकच गृहीतक आहे, ते म्हणजे पेंग्विन हा मुळात थंडीचा पक्षी असल्याचे. ते बाजूला ठेवले की बरेचसे कोडे सुटते. मी स्वतः पेंग्विनचे जीवाश्म खणलेले नाहीत. माझे काम या किनाऱ्यावरच्या समुद्रपक्ष्यांचे आहे: वेंगुर्ले रॉक्स या खडकाळ बेटांवर वीण घालणारे सुरय (टर्न) आणि पावसाळ्यात वादळाने थकून किंवा मरून किनाऱ्याला लागणारे खोल समुद्रातले पक्षी. वनखात्याच्या परवानगीने अशा मृत पक्ष्यांची हाडे तपासताना एक शिस्त अंगवळणी पडते. एखादा अवयव असा ‘का’ आहे, हे विचारण्यापूर्वी तो ‘केव्हा’ तसा झाला आणि त्याच्या आधी काय होते, हे विचारावे लागते. पेंग्विनांवरच्या गेल्या काही दशकांतल्या संशोधनाचे मोठे यश मला याच क्रमाच्या उलगड्यात दिसते, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देतो.

सुरुवात नातेवाइकांपासून करू. डीएनएच्या तुलनेवरून पेंग्विनांचे सर्वांत जवळचे आजचे नातेवाईक म्हणजे अल्बाट्रॉस, पेट्रेल आणि शिअरवॉटर यांचा गट. चोचीवर नळीसारख्या नाकपुड्या असलेले हे पक्षी समुद्रावरच आयुष्य काढतात. यातला विल्सन्स स्टॉर्म पेट्रेल हा जेमतेम ३५ ते ४० ग्रॅमचा पक्षी अंटार्क्टिकाच्या खडकांच्या कपारींत पिल्ले वाढवतो आणि तिकडचा हिवाळा सुरू झाला की उत्तरेकडे निघून अरबी समुद्रात येतो. आपल्याकडच्या पावसाळ्यात तो खोल समुद्रात कोकणासमोर असतो, फक्त किनाऱ्यावरून सहसा दिसत नाही. म्हणजे पेंग्विनचा शेजारी आणि भाऊबंद असलेला एक पक्षी दरवर्षी तुमच्या गावासमोरून जातो, आणि तो उडतो म्हणूनच जाऊ शकतो. हा मुद्दा पुढे पुन्हा लागेल.

आता जीवाश्मांकडे वळू. आजवर ज्ञात असलेल्या सर्वांत जुन्या पेंग्विनांपैकी वायमानू हा न्यूझीलंडमधल्या कँटरबरी भागात, वायपारा नदीच्या काठच्या खडकांत सापडला आणि २००६ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्याचे वय सुमारे ६.१ कोटी वर्षे आहे. हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा असेल तर रत्नागिरीच्या जांभ्याखालचा काळा पाषाण आठवावा. दख्खनच्या लाव्हाचे ते थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. डायनासोर नष्ट झाल्यानंतर अवघ्या काही दशलक्ष वर्षांत पेंग्विनांच्या घराण्यातला, उडण्याची क्षमता आधीच गमावलेला पक्षी समुद्रात पोहत होता. त्याची चोच लांब आणि सडपातळ होती, पंखाचे सांधे आजच्या पेंग्विनइतके जखडलेले नव्हते, पण हाडे मात्र जड आणि दाट झाली होती. तेव्हा अंटार्क्टिकावर आजच्यासारखे हिमकवच नव्हते. ते सुमारे ३.४ कोटी वर्षांपूर्वी तयार झाले. उडणे आधी गेले आणि बर्फ त्यानंतर जवळजवळ पावणेतीन कोटी वर्षांनी आला, तर बर्फाला उडणे जाण्याचे कारण ठरवता येत नाही. तुम्हाला शिकवलेले स्पष्टीकरण इथेच गळून पडते.

मग उडणे का गेले? याचे सर्वांत समाधानकारक उत्तर जीवाश्मांतून आलेले नाही, ते आजही उडणाऱ्या पक्ष्यांच्या ऊर्जेच्या हिशोबातून आले आहे. हवा पाण्याच्या मानाने फार विरळ असते, त्यामुळे उडण्यासाठी पंख मोठा आणि शरीर हलके लागते. पाण्यात त्याच पंखाने पोहायचे तर तो लहान, ताठ आणि चपटा हवा, आणि शरीर इतके हलके असून चालत नाही. रिकामी कळशी विहिरीत दाबून धरताना हाताला जो जोर लावावा लागतो, तोच जोर पोकळ हाडांच्या पक्ष्याला प्रत्येक बुडीत लावावा लागतो. उत्तरेच्या समुद्रांतले ‘मर’ नावाचे पक्षी ही दोन्ही कामे एकाच पंखाने करतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जाड चोचीच्या मर पक्ष्यांचा ऊर्जाखर्च मोजला, तेव्हा उडताना तो विश्रांतीच्या अवस्थेच्या सुमारे ३१ पट निघाला. पृष्ठवंशी प्राण्यांत त्यापूर्वी कोणाच्याही उडण्याचा एवढा खर्च नोंदला गेला नव्हता. पाण्याखाली मात्र हाच पक्षी बऱ्यापैकी काटकसरीने पोहतो. पोहण्यात सुधारणा होत गेली की उडणे महाग होत जाते, आणि एका टप्प्यानंतर ते परवडेनासे होते. जिथे घरट्याजवळच भरपूर अन्न आहे आणि जमिनीवर शिकारी नाहीत, तिथे तो टप्पा ओलांडणे फायद्याचे ठरते.

हे मला पटण्याचे एक कारण माझ्या टेबलावरचेही आहे. पावसाळ्यात मिळणाऱ्या मास्क्ड बूबीचे आणि शिअरवॉटरचे दंडाचे हाड शेजारी ठेवले तर फरक हाताला जाणवतो. बूबी उंचावरून सूर मारते आणि वरच्या थरातच मासा पकडते. तिचे हाड लांब, पोकळ आणि आकाराच्या मानाने फार हलके असते. शिअरवॉटर पाण्याखाली पंख वापरून काही दहा मीटर खोल जातो, आणि त्याचे तेच हाड किंचित चपटे असते. पेंग्विनमध्ये हा चपटेपणा टोकाला गेला आहे. कोपर आणि मनगट जवळपास जखडलेले असून सगळा पंख एका पात्यासारखा खांद्यातून हलतो. शिअरवॉटर हा पेंग्विनचा पूर्वज नव्हे, हे मात्र लक्षात ठेवावे. तो आजचा पक्षी आहे आणि मधली अवस्था शक्य कोटीतली असते, एवढेच तो दाखवतो.

उडण्याचे बंधन गेल्यावर वजनाची मर्यादाही गेली. न्यूझीलंडच्या ओटागो किनाऱ्यावर मिळालेल्या, सुमारे ५.७ कोटी वर्षांपूर्वीच्या कुमिमानू फोर्डायसी या पेंग्विनचे वजन २०२३ सालच्या शोधनिबंधात सुमारे १५० किलो मांडले आहे. आजचा सर्वांत मोठा एम्परर पेंग्विन जास्तीत जास्त ४० ते ४५ किलो भरतो. तरीही अशा आकड्यांकडे थोडे सावधपणे पाहावे. पूर्ण सांगाडा मिळालेला नसतो. दंडाच्या हाडाच्या मापावरून, आजच्या पेंग्विनांत ते माप आणि वजन यांचे जे नाते दिसते, त्याच्या आधारे अंदाज काढलेला असतो. आजच्या पेंग्विनांच्या तिप्पट मोठ्या प्राण्याला ते नाते तसेच लागू होते का, याची खात्री देणे कठीण आहे. हा पेंग्विन अवाढव्य होता एवढे नक्की, पण १५० हा आकडा तराजूवरचा समजू नये.

थंडीचा प्रश्न आता घेऊ, कारण सर्वांत सुंदर पुरावा मला इथलाच वाटतो. पेंग्विनच्या दंडाजवळ रोहिण्या आणि नीला यांचे एक जाळे असते. शरीरातून पंखाकडे जाणारे गरम रक्त आणि पंखातून परतणारे थंड रक्त या जाळ्यात एकमेकांना लागून वाहते, त्यामुळे उष्णता पंखाच्या टोकाला जाऊन वाया जाण्याऐवजी परतणाऱ्या रक्ताला मिळते. रक्तवाहिन्यांचे जीवाश्म होत नाहीत, पण त्यांनी हाडावर पाडलेल्या खाचा टिकतात. २०११ साली डॅनियल थॉमस, डॅनियल क्सेप्का आणि युआन फोर्डाइस यांनी या खाचांचा मागोवा घेतला, तेव्हा वायमानूच्या हाडावर त्या नव्हत्या, पण सुमारे ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या पेंग्विनांत त्या आल्या होत्या. तो काळ पृथ्वीच्या इतिहासातल्या अतिशय उबदार काळांपैकी एक होता. गरम जगात उष्णता राखणारे हे जाळे कशासाठी, तर पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून घेते आणि तासन्‌तास बुडी मारणाऱ्या पक्ष्याला साधारण थंड पाण्यातही ती तूट सोसावी लागते. पुढे अंटार्क्टिका गोठल्यावर ही जुनी व्यवस्था तिथे राहायला उपयोगी पडली. थंडीने पेंग्विन घडवला नाही. समुद्राने घडवलेल्या पेंग्विनला थंडीत शिरता आले.

पिसांचीही अशीच कथा आहे. पेरूमध्ये मिळालेल्या, सुमारे ३.६ कोटी वर्षांपूर्वीच्या इंकायाकू या पेंग्विनच्या जीवाश्मात पिसे टिकली आहेत. २०१० साली ज्युलिया क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसांतल्या रंगकणांचे आकार तपासून तो करडा आणि तांबूस तपकिरी असावा, असा निष्कर्ष काढला. पंखावरची पिसे तोवर लहान, ताठ आणि दाट झाली होती, म्हणजे पंखाचा आकार आधी बदलला. आजच्या पेंग्विनांत दिसणारे मोठे, विशिष्ट घडणीचे रंगकण मात्र त्यात नव्हते. तुमच्या चित्रवहीतला काळा-पांढरा पोशाख ही बरीच नंतरची गोष्ट आहे.

इथवरचा क्रम असा झाला: आधी बुडी, मग उडण्याचा त्याग आणि हाडांची घनता, मग मोठे आकार, मग पंखातली उष्णतेची बचत, आणि बर्फ सर्वांत शेवटी. आज जिवंत असलेल्या सुमारे १८ जाती या जुन्या वृक्षाची अगदी अलीकडची फांदी आहे. त्यांचा समान पूर्वज केव्हाचा, याबद्दल मतभेद आहेत. संपूर्ण जनुकसंचावरून २०२० साली आलेल्या एका अभ्यासाने तो सुमारे २.२ कोटी वर्षांपूर्वी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या परिसरात ठेवला. इतर अभ्यास तो दीड कोटी वर्षांच्याही अलीकडे आणतात. डीएनएमधल्या बदलांचे वर्षांत रूपांतर करण्यासाठी कोणते जीवाश्म खुणेचे दगड म्हणून घ्यायचे, यावर उत्तर बदलते. विद्यार्थ्यांनी अशा तारखा पाठ करण्याऐवजी त्या कशावर टेकलेल्या आहेत हे पाहावे.

तुम्ही प्रश्नात पेंग्विनला ‘आदिम पक्षी’ म्हटले आहे, त्याबद्दल एक विषयांतर करतो, कारण या समजुतीपायी माणसांनी जीव धोक्यात घातला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी काही अभ्यासकांना एम्परर पेंग्विन फार प्राचीन वाटे, आणि त्याच्या अंड्यातल्या भ्रूणात पक्ष्यांच्या सरपटणाऱ्या पूर्वजांच्या खुणा सापडतील, अशी आशा होती. १९११ च्या ध्रुवीय हिवाळ्यात एडवर्ड विल्सन, हेन्री बॉवर्स आणि अॅप्सली चेरी-गॅरार्ड हे तिघे चोवीस तासांच्या अंधारात, उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खालच्या थंडीत घसरगाड्या ओढत अंटार्क्टिकातल्या केप क्रोझियरला गेले आणि तीन अंडी घेऊन परतले. १९३४ साली त्या भ्रूणांवरचा अहवाल प्रसिद्ध झाला, तोवर भ्रूणाच्या वाढीत पूर्वजांचा सारा इतिहास पुन्हा घडतो, ही कल्पनाच मागे पडली होती आणि हाती फारसे काही आले नाही. पेंग्विन आदिम नाही. उडणाऱ्या पूर्वजांपासून वेगळ्या दिशेने अतिशय दूर गेलेला तो पक्षी आहे.

राणीच्या बागेतल्या पेंग्विनांविषयी थोडक्यात सांगतो. २०१६ साली तिथे आणलेले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे आहेत. ही जात पेरू आणि चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावर राहते, जिथे दुपारी जमीन चांगलीच तापते. चेहऱ्यावरच्या पिसे नसलेल्या त्वचेतून ते जादा उष्णता बाहेर टाकतात. मग मुंबईत त्यांना वातानुकूलित दालन कशाला, असा तुमचा रास्त प्रश्न आहे. त्यांच्या घराजवळचे पाणी हम्बोल्ट प्रवाहामुळे थंड असते आणि तिथली हवा मुंबईसारखी पावसाळी दमट नसते. पाळलेल्या पेंग्विनांना फुप्फुसांत बुरशी वाढण्याचा आजार सहज जडतो, त्यामुळे स्वच्छ, गार आणि गाळलेली हवा त्यांच्यासाठी महत्त्वाची असते.

आता आपल्या समुद्रात ते का नाहीत, हा प्रश्न. एखादा प्राणी कुठे का नाही, याचे एकच कारण सिद्ध करणे अवघड असते, म्हणून मला सर्वांत वजनदार वाटणारी कारणे तेवढी सांगतो. पहिले कारण वाटेचे आहे. गालापागोसचे पेंग्विन दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्याने उत्तरेकडे वाहणाऱ्या थंड प्रवाहाच्या आधाराने तिथवर पोचले असावेत, आणि तिथे पश्चिमेकडून खोलवरून येणारा क्रॉमवेल प्रवाह बेटांवर आदळून थंड, पोषक पाणी वर आणतो म्हणून ते टिकले. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर असाच थंड बेंग्वेला प्रवाह आहे, आणि आफ्रिकन पेंग्विनांची वस्ती त्या बाजूने दक्षिण टोकाला वळसा घालून अल्गोआ उपसागराजवळ संपते. तिथून पुढे पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहणारा उबदार अगुलास प्रवाह लागतो. अरबी समुद्राकडे येणारी थंड पाण्याची वाट अस्तित्वातच नाही.

दुसरे कारण अन्नाच्या नियमितपणाचे आहे. पेरूसमोर थंड पाणी जवळपास वर्षभर वर येते आणि त्यावर अँकोव्हीचे प्रचंड थवे पोसले जातात. आपली मांदेली त्याच कुळातली. अरबी समुद्रात ही क्रिया मुख्यतः नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, सोमालिया-ओमानसमोर जोरात आणि केरळ-कर्नाटकाकडे बऱ्यापैकी होते. कोकणापर्यंत तिचा जोर ओसरतो. आपल्याकडे तारली एखाद्या वर्षी ढिगाने लागते आणि एखाद्या वर्षी रापणीला लागतच नाही, हे तुमच्या घरच्यांना माझ्यापेक्षा अधिक माहीत असेल. सुरय किंवा स्टॉर्म पेट्रेल अशा वेळी शेकडो किलोमीटर दूर उडून जातो. पिल्लाला भरवणाऱ्या पेंग्विनला घरट्यापासून पोहून जाता-येता येईल एवढ्याच अंतरातले अन्न उपयोगी पडते. एल निनोमुळे गालापागोसचे थंड पाणी १९८२-८३ साली आटले, तेव्हा तिथल्या पेंग्विनांची संख्या तीन चतुर्थांशांहून अधिक घटली होती. शिवाय पेंग्विन साधारणतः वर्षातून एकदा सगळी पिसे एकदम बदलतो आणि त्या दोन-चार आठवड्यांत त्याला उपाशीपोटी किनाऱ्यावर उभे राहावे लागते. आपल्या पुळणींवर रात्री फिरणारे कोल्हे आणि कुत्रे पाहता, हे इथे कसे जमले असते, ते सांगायला नको.

तुमचा तिसरा प्रश्न संशोधनाचा. याचे उत्तर तुमच्या आवडीवर आणि घरच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. पण त्याआधी या क्षेत्रातला एक अभ्यास जरूर समजून घ्या. पेंग्विनचे पाय आखूड आणि जाड असल्यामुळे ओळखीची पट्टी पायाऐवजी पंखाला बांधण्याची पद्धत अनेक दशके चालू होती, आणि तिच्यावर आधारलेली माहिती हवामानबदलाच्या चर्चेतही वापरली जात होती. फ्रेंच संशोधकांनी किंग पेंग्विनांवर १० वर्षे केलेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टी बांधलेल्या पक्ष्यांना पट्टी नसलेल्यांपेक्षा ३९ टक्के कमी पिल्ले झाली आणि त्यांची जगण्याची शक्यता १६ टक्क्यांनी घटली, असे दिसले. पट्टीमुळे पोहताना पडणारा जादा भार एवढा महागात पडत होता. आपण ज्याला निसर्गाचे निरीक्षण म्हणतो त्यात आपल्याच साधनाचा परिणाम किती मिसळला आहे, हे प्रत्येक प्रकल्पाच्या आधी तपासावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना याच उदाहरणाने सांगतो. आज त्वचेखाली बसवायची सूक्ष्म चिप, स्वयंचलित कॅमेरे आणि उपग्रहचित्रे यांवर भर आहे. बर्फावरचे विष्ठेचे तपकिरी डाग अवकाशातून ओळखून एम्परर पेंग्विनांच्या वसाहती शोधल्या जातात, आणि २०१२ साली अशा गणनेतून सुमारे ५,९५,००० पक्ष्यांचा अंदाज मिळाला होता.

घर न सोडता सुरुवात करायची असेल तर ‘पेंग्विन वॉच’ या लोकसहभागाच्या प्रकल्पात कॅमेऱ्यांनी टिपलेल्या छायाचित्रांतले पेंग्विन मोजता येतात. त्यासाठी मोबाइल आणि संयम एवढेच लागते. जनुकशास्त्राकडे ओढा असेल तर पेंग्विनांचे जनुकसंच सार्वजनिक संग्रहांत उपलब्ध आहेत. मात्र त्यासाठी संगणकीय विश्लेषण शिकावे लागेल आणि मार्गदर्शक शोधावा लागेल, जे तालुक्याच्या ठिकाणी सोपे नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर अंटार्क्टिकाकडे जायची इच्छा असेल तर भारताच्या मोहिमा आखणारे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र तुमच्यापासून फार दूर नाही, ते गोव्यात वास्कोला आहे. भारती हे आपले स्थानक ज्या किनाऱ्यावर आहे, त्या परिसरात अॅडेली पेंग्विन आढळतात, आणि भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी या मोहिमांतून तिथल्या पक्ष्यांवर काम केले आहे. जागा थोड्या आणि इच्छुक पुष्कळ असतात, त्यामुळे केवळ याच आशेवर शिक्षणाची दिशा ठरवू नये.

माझा स्वतःचा कल विचाराल तर तुम्ही पदवीच्या प्रकल्पासाठी पेंग्विनऐवजी त्याचे इथे येणारे भाऊबंद घ्यावेत. जून ते सप्टेंबरमध्ये देवगड ते वेंगुर्ले या पट्ट्यात कोणते समुद्रपक्षी किनाऱ्याला लागतात, कोणत्या वाऱ्यानंतर लागतात आणि त्यांच्या पंखांची मापे काय आहेत, याची सलग नोंद फार थोडी आहे. रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात माशांची ओळख पटवून घेता आली तर पोटातल्या अन्नाचाही अभ्यास होईल. मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मृत पक्षीसुद्धा परवानगीशिवाय उचलता किंवा घरी ठेवता येत नाही. तेव्हा महाविद्यालयाच्या पत्रावर वनखात्याकडे अर्ज पावसाळ्याच्या पुरेसा आधी द्या, आणि परवानगी येईपर्यंत पक्ष्याला हात न लावता शेजारी मोजपट्टी ठेवून वरून आणि बाजूने छायाचित्र काढा, जागा व तारीख लिहा आणि वनखात्याला कळवा.